निराश माणसाची डायरी आणि त्याची बायको

१९१९ च्या मार्च महिन्यात लंडनमध्ये एक डायरी प्रसिद्ध झाली. ‘द जर्नल ऑफ अ डिसअपॉइंटेड मॅन’ असं तिचं नाव. एका निराश माणसाची रोजनिशी. लेखकाचं नाव होतं डब्ल्यू. एन. पी. बार्बेलियन, आणि प्रस्तावना लिहिली होती एच. जी. वेल्स या मोठ्या कादंबरीकाराने. डायरीच्या शेवटी कंसात एक ओळ होती, की बार्बेलियन ३१ डिसेंबर १९१७ रोजी वारला. लोकांना वाटलं, असा माणूस नसणारच, वेल्सनेच हे सगळं रचलं असणार. प्रत्यक्षात माणूस खरा होता, नाव खोटं होतं आणि मरणही खोटं होतं. ब्रूस फ्रेडरिक कमिंग्स हे त्याचं खरं नाव. पुस्तक बाहेर पडलं तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला, पण जिवंत होता. स्वतःच्या ‘मरणानंतर’ आलेली परीक्षणं त्याने स्वतः वाचली. २२ ऑक्टोबर १९१९ ला तो खरोखर गेला, तेव्हा त्याचं वय तीस होतं.

या डायरीचं इंग्रजी वाचकांनी फार कौतुक केलं आहे आणि ते योग्यच आहे. पण आपण बायकांनी ती वाचताना एक प्रश्न मनात ठेवून वाचावी, असं मला वाटतं. प्रश्न साधा आहे. या पुस्तकात आजार कुणाचा आहे आणि तो सोसतंय कोण?

आधी आजाराबद्दल थोडं. आपल्या मेंदूतून आणि मणक्यातून निघणारे जे मज्जातंतू असतात, त्यांच्यावर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं. डॉक्टर लोक मिक्सरच्या वायरचं उदाहरण देतात. आत तांब्याची तार, वर प्लॅस्टिक. उदाहरण सोयीचं आहे, पण पुरेसं नाही. वायरवरचं प्लॅस्टिक फक्त वीज बाहेर जाऊ देत नाही. मायलिन त्याशिवाय संदेशाचा वेग वाढवतं. वेष्टणात ठरावीक अंतरावर बारीक फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उड्या मारत जातो. वेष्टण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो, वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून जेमतेम एक मीटर. म्हणून वेष्टण झिजलं, की तार शाबूत असूनही निरोप उशिरा पोचतो, अर्धवट पोचतो किंवा पोचतच नाही. हात हातासारखाच दिसतो, पण गुंडी लावता येत नाही. डोळा स्वच्छ दिसतो, पण समोरचं धूसर होतं. उन्हात किंवा गरम पाण्याने अंघोळ केल्यावर त्रास वाढतो. आणि थकवा असा, की जी बाई दिवसभर उभी राहून स्वयंपाक करायची, तिला कणीक मळून झाल्यावर बसावं लागतं.

शरीराची संरक्षणयंत्रणाच या वेष्टणावर उलटते आणि जागोजागी वण पडतात, तेव्हा त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिस म्हणतात. १८६८ मध्ये पॅरिसच्या सालपेत्रिएर या बायकांच्या रुग्णालयात शार्को या डॉक्टरने त्याचं नीट वर्णन केलं. आजार पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक प्रमाणात होतो आणि बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. म्हणजे नेमका लग्नाच्या, बाळंतपणांच्या, संसार उभा करण्याच्या वयात. तो येतो, ओसरतो, परत येतो. मध्ये महिनेच्या महिने बरे जातात. त्यामुळे घरच्यांना वाटतं, ही नाटक करते. बाहेरून काही दिसत नाही, हेच या दुखण्याचं मोठं दुःख आहे.

आता डायरीकडे येऊ. कमिंग्स इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या बार्न्स्टेपल गावचा. वडील वार्ताहर. घरची परिस्थिती बेताची. तेराव्या वर्षी त्याने डायरी सुरू केली ती पक्ष्यांची घरटी, किडे, ओढ्यातले प्राणी यांच्या नोंदी ठेवायला. विद्यापीठात न जाता, घरी अभ्यास करून त्याने स्पर्धापरीक्षा दिली आणि लंडनच्या निसर्ग-संग्रहालयात कीटकविभागात नोकरी मिळवली. तिथे त्याच्या वाट्याला आल्या उवा. पण तो उवांवरही मन लावून लिहायचा. हळूहळू डायरीतले किडे कमी होत जातात आणि त्यांच्या जागी तो स्वतःच येतो. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला नमुना जसा उलटसुलट करून बघावा, तसा तो स्वतःला बघतो. आपली हाव, आपला मत्सर, प्रसिद्धीची भूक, प्रेमातलं चंचलपण, काही म्हणता काही लपवत नाही. मारी बाश्कीर्त्सेफ या क्षयाने अकाली गेलेल्या तरुण चित्रकर्तीची डायरी वाचून त्याला आपलं जुळं भावंड भेटल्यासारखं झालं. रडगाणं गाणारे आजारी लेखक पुष्कळ आहेत. हा तसा नाही. पुढच्याच नोंदीत तो स्वतःला हसतो, मग संगीताच्या मैफलीला जातो आणि आनंदाने वेडा होतो. ही डायरी वाचनीय आहे ती या जगण्याच्या भुकेमुळे.

पुस्तकाचा गाभा आहे १९१५ सालचा. सप्टेंबरमध्ये त्याचं लग्न झालं. नोव्हेंबरमध्ये सैन्यभरतीच्या तपासणीला जायची वेळ आली. त्याच्या डॉक्टरने सैन्याच्या डॉक्टरसाठी एक बंद पाकीट दिलं होतं. पण तिथल्या डॉक्टरने पाकीट बघायच्या आधीच त्याला नापास केलं. परतताना आगगाडीत त्याने ते पाकीट फोडलं आणि स्वतःच्या आजाराचं नाव वाचलं. त्या काळी याला डिसेमिनेटेड स्क्लेरॉसिस म्हणत. त्यावर औषध नव्हतं. त्याच्या आधी हे त्याच्या डॉक्टरला माहीत होतं, घरच्यांना माहीत होतं. फक्त ज्याचं शरीर होतं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे समीक्षक सांगतात. मला महत्त्वाची वाटते ती पुढची. त्याने घरी येऊन बायकोला काही सांगितलं नाही. तिला धक्का बसेल म्हणून स्वतःपाशी ठेवलं. आणि पुढच्या वर्षी त्याला कळलं, की तिला सगळं माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. डॉक्टरांनी आणि त्याच्या घरच्यांनी तिला सांगितलं होतं, आणि तरीही तिने त्याच्याशी लग्न केलं होतं. म्हणजे जवळजवळ एक वर्ष दोघं एका छपराखाली राहिली, एकाच ताटलीतलं दुःख खात राहिली आणि एकमेकांना कळू नये म्हणून हसत राहिली. त्याच काळात त्यांच्या मुलीचा जन्म झाला.

ही बाई कोण? डायरीत तिचं नाव फक्त ‘ई’. एक अक्षर आणि पुढे रेघ. खऱ्या आयुष्यातली एलेनॉर. लग्नाआधी तिच्यावर आपलं प्रेम आहे की नाही, याची चिरफाड त्याने पानंच्या पानं केली आहे. पण ज्या दिवशी तिने हे लग्न करायचं ठरवलं, तो दिवस डायरीत नाही. असूच शकत नाही, कारण तो त्याला माहीतच नव्हता. डॉक्टरच्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा कुणाशी बोलली? तिच्या आईवडिलांना तिने सांगितलं का? मूल पोटात असताना तिला झोप येत होती का? या पुस्तकातला सर्वांत मोठा निर्णय ज्या व्यक्तीने घेतला, तिच्या तोंडी त्याबद्दल एक वाक्य नाही.

डायरीचा हा दोष म्हणावा का? मला वाटतं, डायरी या प्रकाराची ही मर्यादा आहे आणि या लेखकाची थोडी जास्तच आहे. जैन घरात वाढलेल्या आपल्याला एकच नय धरून वस्तूचं स्वरूप कळत नाही, हे लहानपणापासून सांगितलेलं असतं. बार्बेलियन स्वतःबद्दल अतिशय खरं बोलतो, म्हणून आपल्याला वाटतं की तो सगळंच खरं सांगतोय. पण स्वतःबद्दलचं पूर्ण सत्य हेसुद्धा घरातल्या सत्याचा एक तुकडाच असतं.

याच्या उलट चित्र आपल्याकडे आहे. १९१० साली रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध झालं. त्यात न्यायमूर्तींचं आजारपण आणि शेवटचे दिवस बायकोच्या डोळ्यांनी आलेत. औषध किती वाजता दिलं, पाय कुणी चेपले, रात्र कशी गेली, हे शुश्रूषा करणाऱ्या माणसालाच माहीत असतं. तिथे आजारी माणसाच्या मनातलं आपल्याला कमी कळतं, पण उशापाशी बसणारीचं मन कळतं. बार्बेलियनची डायरी आणि रमाबाईंच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, तर आजारपणाचं घर पूर्ण दिसतं. एलेनॉरने असं काही लिहून ठेवलं असतं, तर माझ्या मते ते तिच्या नवऱ्याच्या पुस्तकापेक्षा कमी ठरलं नसतं.

आणि आजारी स्वतः बाईच असेल तर? त्यासाठी अमेरिकन निबंधकार नॅन्सी मेअर्स वाचावी. १९४३ चा जन्म, २०१६ ला गेली. नवरा आणि दोन मुलं असलेल्या या बाईला विशीच्या शेवटी हाच आजार निघाला. १९८६ च्या तिच्या ‘प्लेनटेक्स्ट’ या संग्रहात ‘ऑन बीइंग अ क्रिपल’ हा निबंध आहे. स्वतःला ती ‘पांगळी’ म्हणवते, सौम्य शब्द नाकारते. निबंध सुरू होतो तो कचेरीच्या संडासात तोल जाऊन पडण्यापासून. बार्बेलियन मृत्यूकडे बघतो, मेअर्स बघते ती रोजच्या दिवसाकडे. काय जमतं, काय जमत नाही, कुणाची मदत मागायची, मदत घेताना मिंधेपण कसं टाळायचं. आपलं माणूस आपल्यावरच्या प्रेमापोटी राहतंय की दयेपोटी, ही शंका ती उघड मांडते. घर चालवणाऱ्या बाईला हीच शंका जास्त पोखरते. कारण तिला पहिल्यापासून शिकवलेलं असतं, की तिची किंमत तिच्या हातांच्या कामात आहे. पुरुष आजारी पडला तर बायको सेवा करते, हे गृहीत असतं. बायको आजारी पडली तर प्रश्न विचारला जातो, आता घराचं कसं होणार?

मेअर्सचं एक मला फार पटलं. आजाराचा तिला राग आहे, पण आजार म्हणजेच मी, हे ती मान्य करत नाही. बार्बेलियनला इथे पोचता आलं नाही. त्याच्या डायरीची अखेरची नोंद जेमतेम शब्दाभराची आहे आणि ती आहे स्वतःबद्दलच्या किळसेची. अर्थात त्याला आयुष्यही थोडंच मिळालं.

या किळसेपाशी मला आपल्या शास्त्रातला एक शब्द आठवतो. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत ‘निर्विचिकित्सा’ हे एक अंग आहे. रोगाने, मळाने ग्रासलेल्या देहाची घृणा न वाटणं. त्याचं उदाहरण म्हणून उद्दायन राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. परीक्षा घेण्यासाठी देव रोगी मुनीच्या रूपात आला, आहार घेऊन अंगावर ओकला, आणि राजाने तसूभर घृणा न करता सेवा केली. त्या वेळी राणी प्रभावतीही तिथेच होती. ती घाण तिच्याही अंगावर पडली होती, सेवा तिनेही केली होती. तरी कथा राजाच्या नावाने सांगितली जाते. लंडनची ‘ई’ आणि आपली प्रभावती, दोघी मला एका ओळीत उभ्या दिसतात.

त्याच आठ अंगांतलं दुसरं एक म्हणजे ‘उपगूहन’, दुसऱ्याचा दोष झाकणं. या शब्दाचा आधार घेऊन आपल्याकडे बरंच काही झाकलं जातं, म्हणून स्पष्टच लिहिते. झाकायचा असतो तो दोष. रोग हा दोष नव्हे. मुलीच्या हातापायाला मुंग्या येतात, एकदा डोळ्याला दिसेनासं झालं होतं, हे स्थळ बघताना दडवायचं आणि लग्न होईपर्यंत कुणापाशी बोलू नका म्हणायचं, याला उपगूहन म्हणता येत नाही. पुढे सासरी कळलं की फसवलं म्हणून तिचीच रवानगी माहेरी होते. फसवणारे मोठे, शिक्षा तिला. आणि मुलाचा आजार लपवून सून आणली, की तिला ‘तुझ्या नशिबात होतं’ म्हणून सांगायला सगळे मोकळे. एलेनॉरला निदान आधी सांगितलं होतं. तिने जाणून निवड केली. म्हणून तिच्या सोसण्याला मान आहे. न सांगता गळ्यात घातलेल्या दुःखाला त्याग म्हणणं ही भाषेचीच फसवणूक आहे.

उलट बाजूही आहे. बार्बेलियनपासून त्याचा आजार लपवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. घरातल्या मायेचं वेष्टण त्याच्या मनावर राहावं, धक्के आत पोचू नयेत, एवढंच त्यांना हवं होतं. आपणही हेच करतो. रिपोर्ट कपाटात वरच्या फळीवर ठेवतो, फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतो. पण निरोप पोचू न देणारं वेष्टण काय कामाचं? मायलिनचं काम निरोप अडवणं हे नाहीच. निरोप नीट आणि वेळेवर पोचवणं हे आहे. ज्याला स्वतःच्या शरीराची बातमी आगगाडीत, परक्यांच्या गर्दीत, दुसऱ्याच्या नावचं पाकीट फोडून मिळाली, त्याचं संरक्षण झालं असं कुणी म्हणेल का?

प्रसिद्ध चेलोवादक जॅकलिन ड्यू प्रे हिच्याबाबत निराळंच घडलं. बोटांची संवेदना जाऊ लागली, पण निदान व्हायला वेळ लागला. १९७३ मध्ये आजार कळला, वाजवणं संपलं, आणि १९८७ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. तिने स्वतः पुस्तक लिहिलं नाही. तिच्या बहीणभावाने लिहिलं, त्यावर १९९८ मध्ये ‘हिलरी अँड जॅकी’ हा सिनेमा आला. एमिली वॉटसनचं काम उत्तम आहे. पण सिनेमाचं लक्ष बहिणींमधल्या खासगी भानगडीकडे इतकं आहे, की हात निकामी होत गेलेल्या वादकाचं एकटेपण मागे पडतं. आजारी बाईची गोष्ट तिने न सांगितल्यास दुसरे सांगतात, आणि त्यांना हवी तशी सांगतात.

आज परिस्थिती बदलली आहे. एमआरआयवर हे वण दिसतात. १९९३ पासून आजाराचा वेग कमी करणारी औषधं आली, त्यांची संख्या वाढते आहे. पूर्ण बरं करणारं औषध अजून नाही, पण लवकर निदान झालं तर बरंच काही वाचवता येतं. म्हणजे लपवण्याची किंमत १९१५ पेक्षा आज जास्त आहे. तेव्हा सांगूनही उपाय नव्हता. आता न सांगितल्याने उपाय हातचा जातो.

इथे आपल्या घरांना लागू पडणारी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मायलिन केवळ याच आजारात झिजतं असं नाही. बी-बारा जीवनसत्त्वाची दीर्घकाळ कमतरता राहिली, तरी मणक्यातलं वेष्टण खराब होतं. भाजीपाला, कडधान्यं यांत ते मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूधदुभत्यातून मिळतं. घरात सगळ्यांना दूध-दही वाढून स्वतः कोरा चहा पिणाऱ्या, वर उपवास आणि एकाशनं करणाऱ्या बायका आपल्यात थोड्या नाहीत. तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, पायाखाली गादी असल्यासारखं वाटणं, ही लक्षणं वयावर ढकलू नयेत. नुसत्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्या तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि मज्जातंतूंचं नुकसान आत चालूच राहतं. रक्ताची साधी तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शनं किंवा गोळ्या, एवढ्याने हे थांबवता येतं. व्रत मोडायची गरज नाही, स्वतःच्या ताटाकडे बघायची गरज आहे.

बार्बेलियनची डायरी मी आपल्या वाचनमंडळांना जरूर सुचवीन. ती उदास करते, पण लहान करत नाही. मात्र वाचताना जिथे जिथे ‘ई’ हे अक्षर येईल, तिथे क्षणभर थांबावं. तो स्वतःबद्दल जे लिहितो ते तर वाचावंच, पण त्या वेळी ती खोलीत कुठे होती, तिच्या हातात काय होतं, याचा अंदाज घ्यावा. आणि आपल्या घरात असं आजारपण आलं असेल, तर दोघांनीही वही ठेवावी. आजारी माणसाने एक आणि उशाशी बसणाऱ्याने एक. लिहिता येत नसेल तर बोलावं. आजार असाध्य असू शकतो. एकमेकांपासून तो लपवत जगणं मात्र असाध्य नाही.